चामड्याचे बूट, कॅनडातील बर्फ आणि रस्त्यावरचे मीठ: नाशिकहून निघण्यापूर्वी काय करावे?

गोदातीर

नमस्कार. माझी पुतणी उच्च शिक्षणासाठी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ओटावाला जात आहे. भर हिवाळ्यात तिथे उतरायचे असल्याने गरम कपड्यांची तयारी आधीच झाली आहे; प्रश्न उरला आहे तो बुटांचा. तिच्याकडे घोट्याच्या वर येणारे, तपकिरी रंगाचे, नाडीचे चामड्याचे बूट आहेत. तळ रबराचा आहे आणि तो वरच्या चामड्याला शिवलेला आहे. बूट चांगल्या प्रतीचे आहेत, तिच्या पायाला उत्तम बसलेले आहेत आणि ते तिथेही नियमित वापरावेत अशी तिची मनापासून इच्छा आहे.

तिच्या आधी तिकडे गेलेल्या मुलामुलींचे म्हणणे असे की, बर्फापेक्षा तो वितळावा म्हणून रस्त्यावर टाकलेल्या मिठाचाच त्रास जास्त होतो. थोड्याच दिवसांत बुटांवर पांढऱ्या रेषा उमटतात आणि हिवाळा संपेपर्यंत चामड्याला भेगा पडू लागतात. घरातील वडीलधाऱ्यांनी खोबरेल तेल चोळून द्यावे असे सुचवले आहे, तर मेन रोडवरील एका दुकानदाराने पाणीरोधक फवारा पुरेसा आहे असे सांगितले. इथून काय करून पाठवावे, तिने तिथे रोज काय करावे आणि काय मुळीच करू नये, हे जाणकारांनी सांगावे. अति हिमवर्षावाच्या दिवसांसाठी रबरी तळाचे वेगळे बूट ती तिथे घेणारच आहे, त्यामुळे चर्चा चामड्याच्या बुटांपुरती ठेवली तर उपकार होतील.

उत्तरायण

गोदातीर ताई, मी बरीच वर्षे मॉन्ट्रियलला काढून आता इंदिरानगरला स्थायिक झालो आहे. त्या मुलामुलींनी सांगितले ते अगदी खरे आहे. पारा उणे पंधराच्या खाली असतो तेव्हा बर्फ पिठासारखे कोरडे असते. बुटावर पडले तरी ब्रशने झटकले की निघून जाते. चामड्याचे खरे हाल होतात ते पारा शून्याच्या आसपास घुटमळत असतो त्या दिवसांत, कारण तेव्हा रस्त्यावर बर्फ, पाणी, माती आणि मीठ यांचा करडा लगदा तयार होतो.

कॅनडात दरवर्षी सुमारे ५० लाख टन मीठ रस्त्यांवर टाकले जाते. ओंटारिओ प्रांतात गॉडरिच येथे ह्यूरन सरोवराच्या तळाखाली जगातील सर्वांत मोठी भूमिगत मिठाची खाण आहे, यावरून या व्यवहाराचा आवाका लक्षात येईल. साधे मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, साधारण उणे नऊ-दहा अंशांपर्यंत चांगले काम देते. त्याखाली बर्फ वितळण्याचा वेग फार मंदावतो, म्हणून कडाक्याच्या थंडीत कॅल्शियम क्लोराइड किंवा मॅग्नेशियम क्लोराइड वापरतात, नाहीतर घसरू नये एवढ्यासाठी नुसती खडी पसरतात. इमारतींच्या पायऱ्यांवर आणि दुकानांच्या दारांत जे पांढरे गोलसर दाणे दिसतात, ते बहुधा कॅल्शियम क्लोराइडचे असतात.

तुमच्या पुतणीला एक गोष्ट आवर्जून सांगा. चौकात पदपथ जिथे उतरून रस्त्याला मिळतो, तिथे हा लगदा साचून राहतो. वरून तो घट्ट दिसतो, पण पाय ठेवला की घोट्यापर्यंत आत जातो आणि खारे पाणी नाडीच्या भोकांतून थेट मोज्यापर्यंत पोहोचते. बसथांब्याच्या कडेलाही तेच. दोन पावले वळसा घालून पलीकडच्या बाजूने ओलांडण्याची सवय लावली, तर बुटांचे निम्मे आयुष्य तिथेच वाचते.

घरी आल्यावर बूट दाराशीच काढायचे आणि उथळ रबरी ताटात ठेवायचे. तशी ताटे तिथे सर्वत्र मिळतात. त्यानंतर, जेवायला बसण्यापूर्वी, ओल्या फडक्याने बूट पुसून घ्यायचे. हे काम दुसऱ्या दिवसावर ढकलू नये, कारण मीठ वाळण्यापूर्वी जितके सहज निघते तितके नंतर निघत नाही.

कुतूहल

माझी एक शंका आहे. कच्ची कातडी टिकवण्यासाठी तर मीठच चोळतात. मग तेच मीठ कमावलेल्या चामड्याला का बाधते?

चर्मविद्या

कुतूहल, शंका रास्त आहे आणि तिच्या उत्तरातच पुढचे सगळे उपाय दडलेले आहेत, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. मी चर्मोद्योगातच नोकरी केली आहे.

कच्च्या कातड्यातील पाणी ओढून घेणे आणि जिवाणूंची वाढ थांबवणे, एवढेच तिथे मिठाचे काम असते. कातडे कमावायला घेताना ते मीठ आधी पूर्ण धुऊन काढावे लागते. कमावलेले चामडे म्हणजे कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंचे दाट जाळे होय, आणि कमावण्याच्या शेवटच्या टप्प्यांत त्या तंतूंच्या दरम्यान तेल मुरवलेले असते. त्या तेलामुळे तंतू एकमेकांवर सरकतात आणि चामडे न तडकता वाकते.

रस्त्यावरचे खारे पाणी या जाळ्यात शिरते. घरातल्या उबेत पाणी पृष्ठभागाकडे सरकते आणि उडून जाते. मीठ मात्र मागे राहते. त्यातले काही वर येऊन वाळते, तीच आपल्याला दिसणारी पांढरी रेषा. उरलेले पृष्ठभागाच्या जरा खाली स्फटिकांच्या रूपात साठते आणि वाढणारे स्फटिक तंतूंना आतून रेटू लागतात. दुसऱ्या दिवशी बूट पुन्हा भिजले की हे मीठ विरघळून आणखी आत जाते आणि पुन्हा वाळते. असे ओले-कोरडे फेरे वारंवार झाले की आतले तेल हळूहळू निघून जाते, चामडे ताठर होते, आणि चवड्यापाशी जिथे प्रत्येक पावलाला घडी पडते तिथे पहिली भेग जाते. म्हणूनच नुकसान रेषेच्या जागी दिसले नाही तरी घडीच्या जागी दिसते.

कॅल्शियम क्लोराइडची तऱ्हा याहून वेगळी आहे. ते हवेतला ओलावा स्वतःकडे ओढते, त्यामुळे अनेकदा पांढरी रेषा उमटतच नाही. त्या जागी चामडे कित्येक दिवस ओलसर, काळपट आणि हाताला तेलकट लागते. पाहणाऱ्याला वाटते की बूट अजून वाळले नाहीत, आणि तो त्यांना हीटरजवळ नेऊन ठेवतो. खरा उपाय म्हणजे स्वच्छ पाण्याच्या फडक्याने दोन-तीनदा पुसून ते मीठ बाहेर काढणे.

आता एक इशारा. थंडीत बुटावर दिसणारा प्रत्येक पांढरा डाग मिठाचा नसतो. चामड्यातील किंवा वरून लावलेल्या मलमातील घट्ट स्निग्ध अंश थंडीमुळे पृष्ठभागावर येऊन धूसर पांढरा थर तयार करतात. तिसरा प्रकार बुरशीचा, जो आपल्याकडे आषाढ-श्रावणात कपाटातल्या बुटांवर सर्वांनीच पाहिला आहे. ओले फडके फिरवले की मीठ विरघळते, मात्र आत मीठ उरलेले असेल तर वाळल्यावर रेषा पुन्हा उमटते. स्निग्ध थराला पाण्याने काहीच होत नाही, पण केस वाळवण्याचे यंत्र दुरून क्षणभर फिरवले की तो वितळून दिसेनासा होतो. बुरशी लवदार असते, तिला कुबट वास येतो आणि ती कोरड्या कापडानेही पुसली जाते. हे ओळखता आले नाही, तर माणूस स्निग्ध थराला मीठ समजून पाण्याने घासत बसतो.

यावरून खोबरेल तेलाचे उत्तरही मिळते. खोबरेल सुमारे २४ अंशांखाली गोठते. नाशिकमध्येच डिसेंबरच्या सकाळी बाटलीत ते घट्ट झालेले असते, तर ओटावात ते बुटाच्या पृष्ठभागावर पांढरे होऊन बसणार हे उघड आहे. जवसाचे तेल तर मुळीच लावू नये, कारण ते हवेत सुकून कडक होते आणि चामड्यालाही कडक करते. मोहरीच्या तेलाने चामडे चिकट होते आणि त्यावर रस्त्यावरची सगळी धूळ बसते. स्वयंपाकघरातले कोणतेच तेल या कामाचे नाही, असे समजून चालावे.

देवळाली कॅम्प

मी तोफखान्यातून निवृत्त झालो आहे आणि लडाखमध्ये हिवाळे काढले आहेत. तिथल्या रस्त्यांवर मिठाचा हा प्रकार आम्हाला कधी भेडसावला नाही, परंतु बूट सुकवण्याबद्दल खात्रीने सांगू शकतो. बर्फ लागलेले बूट उबदार खोलीत नेण्यापूर्वी बाहेरच ब्रशने साफ करावेत, कारण झटकलेल्या बर्फाचे पाणी होत नाही. बुखारीजवळ, म्हणजे खोली गरम करणाऱ्या शेगडीजवळ, बूट ठेवायचे नाहीत, ही आमच्याकडे सक्त ताकीद असे. ओले चामडे उष्णतेने आक्रसते, वाळते आणि लाकडासारखे होते. मग ते कितीही पॉलिश केले तरी पूर्ववत होत नाही.

बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत. तासाभराने ते ओले झाले की काढून कोरडे घालावेत, आणि झोपण्यापूर्वी पुन्हा एकदा बदलावेत. नाड्या सैल करून जीभ पुढे ओढून ठेवावी, म्हणजे आत हवा खेळते. पूर्ण भिजलेला बूट एका रात्रीत आतपर्यंत वाळत नाही, म्हणून जोड आलटून पालटून वापरावेत. तुमची पुतणी दुसरे बूट घेणारच आहे, त्यामुळे ही सोय आपोआप होईल.

माझ्या मते चांगल्या मेणपॉलिशचे थरावर थर चढवले, की पाणी आत जात नाही. आम्ही तेच करत आलो.

उत्तरायण

काकांच्या सांगण्यात एक भर घालतो. ओटावातल्या अनेक घरांत भिंतीच्या पायथ्याशी लांबट हीटर असतात, किंवा जमिनीतल्या जाळीतून गरम हवा वर येते. दाराशी जागा कमी असल्याने बुटांचे ताट नेमके त्या जाळीवर ठेवले जाते. खोली घेतल्यावर पहिल्याच दिवशी ही जाळी कुठे आहे ते पाहून ठेवायला सांगा.

आरी रापी

माझ्या वडिलांनी शालिमार भागात आयुष्यभर गटई काम केले आणि आता मी तेच काम सांभाळतो. ताईंनी बूट शिवलेले आहेत असे लिहिले, ते वाचून बरे वाटले; पण शिवण हीच पाण्याची पहिली वाट असते. बूट हातात घ्या, चवड्यापाशी तळ वाकवा आणि तळ व वरचे चामडे जिथे मिळतात त्या कडेने नजर फिरवा. कडेला चामड्याची जी पट्टी शिवलेली असते, तिच्या आणि बुटाच्या मधली फट उघडताना दिसली किंवा एखादा टाका सैल वाटला, तर तो आधी पक्का करून घ्यावा. आम्ही दोरा मेणाच्या ढेपेवरून दोन-तीनदा ओढतो तो याचसाठी. आरीने पाडलेल्या भोकात मेणाचा दोरा घट्ट बसतो आणि भोक बुजते. कोरड्या दोऱ्याने शिवले, तर तोच दोरा वातीसारखे पाणी आत ओढतो.

आता तयारीबद्दल. प्रथम नाड्या काढा. जुने पॉलिश ओलसर फडक्याने पुसा आणि बूट एक दिवस सावलीत वाळू द्या. चामड्याला मऊ ठेवणारे मलम आधी लावावे आणि रात्रभर मुरू द्यावे. दुसऱ्या दिवशी मधमाशीच्या मेणाचे तयार मिश्रण घ्यावे. शुद्ध मेण ६० अंशांच्या वरच वितळते, त्यामुळे ते नुसते चोळून आत जात नाही. त्यात लॅनोलिन (मेंढीच्या लोकरीतला स्निग्ध पदार्थ) किंवा तेल मिसळलेली डबी घ्यावी. डिसेंबरच्या दुपारच्या कोवळ्या उन्हात बूट थोडा वेळ ठेवून जरा कोमट करावेत आणि अंगठ्याने मिश्रण रगडावे, कारण हाताच्या उबेने ते नीट मुरते. शिवणीत जुन्या टूथब्रशने भरावे. जिभेच्या दोन्ही बाजूंना जोडलेली घडी असेल तर ती उलगडून आतही लावावे, कारण पाणी तिथूनच शिरते. नाडीच्या कड्यांभोवती आणि टाचेच्या मागच्या शिवणीवर विशेष लक्ष द्यावे. अर्ध्या तासाने जास्तीचे मिश्रण कापडाने काढून ब्रश मारावा.

मिश्रणाने रंग हमखास एक-दोन छटा गडद होतो. पुतणीला ते चालेल का, हे आधी विचारा आणि जिभेच्या आतल्या बाजूला थोडे लावून पाहा. शिवाय, जास्त लावले म्हणजे जास्त संरक्षण असे नसते. अति स्निग्धतेने बूट ढिला पडतो, चवडा आपला आकार सोडतो आणि कुठे चिकटवलेला भाग असेल तर डिंक सुटतो.

देवळालीच्या काकांबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, मेणपॉलिशचे जाड थर टोकाला आणि टाचेला ठीक असतात, कारण ते भाग वाकत नाहीत. घडीच्या जागी तो थर तडकतो आणि मीठ त्या तड्यातून आत जाते. घडीवर मऊ मिश्रणच हवे.

देवळाली कॅम्प

आपले म्हणणे पटले. आमच्या बुटांवर तड जाई ती नेमकी घडीवरच, आणि ती दर आठवड्याला पॉलिश भरून झाकली जाई. तुम्ही सांगता ती पद्धत अधिक बरी.

कुतूहल

मिठाचा डाग काढण्यासाठी व्हिनेगर वापरावे असे सर्वत्र लिहिलेले आढळते. त्याचा खरेच उपयोग होतो का?

चर्मविद्या

मर्यादित उपयोग होतो. साधे मीठ पाण्यातच उत्तम विरघळते. १०० मिलिलिटर पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम मीठ सहज मावते. व्हिनेगर घातल्याने ते अधिक विरघळते असे नाही. मात्र लगद्यात चुन्याचे आणि सिमेंटचे कण मिसळलेले असतात, ते पाण्याने निघत नाहीत आणि सौम्य आम्लाने सुटतात. चामडे स्वतःही किंचित आम्लधर्मी असते, त्यामुळे पातळ व्हिनेगर त्याला मानवते. याच कारणाने खाण्याचा सोडा, भांड्यांचा साबण आणि कपड्यांची पावडर यांपासून बूट दूर ठेवावेत. ते अल्कधर्मी असल्याने चामड्याला कोरडे करतात.

पद्धत अशी ठेवावी. आधी साध्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या फडक्याने पूर्ण बूट पुसावा. रेषा उरली तर एक भाग पांढरे व्हिनेगर आणि दोन भाग पाणी घेऊन हलक्या हाताने फिरवावे, मग पुन्हा साध्या पाण्याने पुसावे. फक्त डागापुरते ओले करू नये. तसे केल्यास ओल जिथे संपते तिथे नवी कडा उमटते. सबंध बूट एकसारखा ओलसर झाला पाहिजे. आरी रापी यांनी सांगितलेले मलम त्यानंतर, बूट पूर्ण वाळल्यावरच लावावे. ओल्या चामड्यावर मेण चढवले तर मीठ आतच कोंडले जाते.

मलम दर आठवड्याला लावण्याची गरज नाही. घडीची जागा बोटाने दाबल्यावर पांढरट, कोरडी दिसली की लावावे. मेणाचे मिश्रण मात्र हिवाळ्यात दोन-तीनदा तरी शिवणींवर पुन्हा भरावे, कारण रोजच्या पुसण्याने ते झिजते.

सातपूरकर

दुकानदाराने सुचवलेल्या फवाऱ्याबद्दल लिहितो. फवारा वाईट नाही, पण तो चामड्यात मुरत नाही, केवळ वर पातळ थर देतो आणि घर्षणाने लवकर जातो. त्याचा खरा उपयोग सुएड आणि नुबक, म्हणजे लवदार पृष्ठभागाच्या चामड्याला होतो, कारण त्यावर मेण लावले तर लव कायमची चिकटून बसते. बंद खोलीत फवारा मारू नये. असे पाणीरोधक फवारे श्वासात गेल्याने फुप्फुसांना इजा झाल्याच्या घटना अनेक देशांत नोंदल्या गेल्या आहेत. गच्चीवर, वाऱ्याची दिशा पाहून मारावा आणि वास पूर्ण जाईपर्यंत बूट बाहेरच ठेवावेत.

दुसरे असे की, ज्वलनशील फवाऱ्याचा हा डबा विमानात नेता येत नाही. हातातल्या सामानात नाही आणि नोंदवलेल्या सामानातही नाही. मेणाच्या मिश्रणाची डबी मात्र नोंदवलेल्या सामानात ठेवावी. ती, एक घोड्याच्या केसांचा ब्रश आणि दोन सुती फडकी एवढे पुरे. व्हिनेगर तिथे कोणत्याही किराणा दुकानात मिळते.

गोदातीर

सर्वांचे मनापासून आभार. खोबरेल तेलाचा बेत आम्ही रद्द केला आहे आणि त्यामागचे कारण घरातल्या वडीलधाऱ्यांना वाचून दाखवले. त्यांनाही ते पटले. आरी रापी यांच्या सांगण्याप्रमाणे तळ वाकवून पाहिला, तेव्हा उजव्या बुटाच्या आतल्या बाजूला दोन टाके सैल दिसले. ते उद्या पक्के करून घेत आहोत. रंग गडद होण्याला पुतणीची हरकत नाही.

दोन शंका उरल्या आहेत. या बुटांना आतल्या बाजूने धातूची चेनही आहे, तिला मिठाने काही होते का? आणि उन्हाळ्यात ती इथे येईल तेव्हा बूट सोबत आणावेत की तिथेच ठेवावेत?

आरी रापी

चेन ही शिवणीपेक्षाही नाजूक जागा आहे. मीठ दातांमध्ये वाळले की धातू गंजतो आणि सरकपट्टी अडकते. मग ओढाताणीत कापड फाटते. रोज बूट पुसताना चेन पूर्ण उघडून टूथब्रश साध्या पाण्यात बुडवून दातांवरून फिरवावा, वाळल्यावर मेणाचा तुकडा दातांवर घासावा आणि चेन दोन-तीनदा वर-खाली करावी. नाडी सैल करून बूट घालता येत असेल, तर हिवाळ्यात चेन बंदच ठेवलेली उत्तम. चेनीच्या मागे चामड्याची पट्टी नसेल, तर लगद्याच्या दिवशी हे बूट घालू नयेत. पाणी तिथून अडत नाही.

चर्मविद्या

बूट तिथेच ठेवावेत. जून-जुलैत आपल्याकडची हवा दमट असते आणि चामड्यात उरलेले मीठ तो ओलावा ओढून घेईल, त्यात बुरशीही लागेल. एप्रिलअखेर रस्ते कोरडे झाले की बूट वर सांगितल्याप्रमाणे दोनदा पुसावेत, चार-पाच दिवस सावलीत वाळवावेत, पातळ मलम लावावे आणि कागदाचे बोळे भरून कापडी पिशवीत ठेवावेत. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नयेत. तिला बूट आणायचेच असतील, तर पावसाळ्यात ते बंद कपाटात न ठेवता पंख्याची हवा लागेल अशा जागी उघड्यावर ठेवावेत.